पडद्यांना वजन

वाइनुइओमाटात वारा पाहुणा नव्हता, घरातलाच होता.
न विचारता आत यायचा,
टेबलावरची बिलं उलटून बघायचा.

रस्त्यावरची घरं एका साच्यातली,
सरकारनं भाड्यानं दिलेली.
आपलं घर तिसरं की चौथं
हे आम्ही मुलं आईच्या पडद्यांवरून ओळखायचो:
मोहरीच्या फुलाचा पिवळा, त्यावर तपकिरी वर्तुळं.
दुकानातला शेवटचा तागा, कडेला एक डाग.
तो तिनं चुणीत असा दडवला
की पुढे तिलाही सापडेना.

सदुसष्टच्या जुलैत,
(आमच्याकडे हिवाळा जुलैतच येतो)
जुनी पेनी बाद झाली.
शेजारपाजारचे बरण्या घेऊन बँकेत गेले.
आई मशीनपाशी बसून राहिली
आणि पडद्यांच्या खालच्या दुमडीत
वीतवीत अंतरावर एकेक नाणं शिवत गेली,
पाठीवर तुई पक्षी असलेलं, तांबूस.
"वाऱ्याला थोडे पैसे चारले," म्हणाली,
"की गप बसतो."

गप कुठला बसतोय!
रात्रभर नाणी भिंतीच्या फळीवर
टक टक करायची,
कुणीतरी बाहेर उभं राहून
परवानगी मागत असल्यासारखी.

बाबा गाड्या जोडायच्या कारखान्यात होते.
तिथून सीटचं टाकाऊ रेक्झिन यायचं, गडद लाल.
आईनं चारही खुर्च्या त्यानं मढवल्या.
आम्ही स्वयंपाकघरात
गाडीत बसल्यासारखे जेवायचो,
आणि उन्हाळ्यात, नाताळच्या जेवणाला,
उठताना मांड्यांची साल निघायची.
तिथलेच गंजके खिळे
तिनं हायड्रेंजियाच्या मुळाशी पुरले,
फुलं निळी व्हावीत म्हणून.
अर्धी झाली.
अर्धी गुलाबीच राहिली, हट्टानं.

मागच्या कुंपणापलीकडे टेरेमोआना राहायची,
रारोटोंगाहून आलेली.
ती कापड आठ पदरी दुमडायची
आणि काही न आखता कात्री चालवायची.
उलगडलं की पानंच पानं, चादरभर.
तिनं आईला शिकवायला घेतलं.
कोट, गाद्या, चाळीस वर्षांच्या वाढत्या मुली,
काहीही बेतणारा आईचा हात
त्या आठ पदरांपाशी थांबला.
आत काय निघेल हे कळल्याशिवाय
तिला कात्री लावता येईना.
दोन चहा गार झाले.
मग डोळे मिटून तिनं कापलं.
जे निघालं त्याला पान म्हणणं अवघड.
टेरेमोआना भिंतीला टेकून हसली, पोट धरून:
"नोलीन, हे तर वाऱ्यानं कापलंय!"
आईनं ते फेकलं नाही.
न्हाणीघराच्या दारामागे लावलं,
जिथे ते फक्त एकट्या माणसाला दिसे.

आता घर रिकामं करायचंय, शुक्रवारपर्यंत.
मी जमिनीवर बसून दुमडी उसवतेय.
नाण्यांनी कापडावर
गोल, गंजाळ सावल्या सोडल्यात.
पाच, सहा, अकरा.
स्वयंपाकघराच्या पडद्यात, उजव्या कोपऱ्यात,
बोटाला वेगळंच लागलं.
पितळेचा बिल्ला, मधे भोक, आकडा चारशे बारा.
बाबांचा. फाटकावर दाखवायचा.
कारखाना बंद झाला तेव्हा ते म्हणाले होते, हरवला,
आणि शेवटच्या पगारातून
त्याचे दोन डॉलर कापले गेले होते.
त्या रात्री ते खूप वेळ खिसे चाचपत होते,
आई समोर बसून मटार सोलत होती.

तिनं कधी शिवला?
त्यांना माहीत होतं का?
विचारायला दोघांपैकी कुणी नाही,
आणि टेरेमोआनाला आता
माझं नावही आठवत नाही.

नाणी मी बशीत काढली.
बिल्ला परत आत सारला, धावदोरा घातला.
टाके वाकडे आले.
आईनं उसवायला लावले असते.